महाराष्ट्रातील वृत्तपत्रविद्येचे शिक्षण आणि माध्यमव्यवसायातील संधी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्राचा प्रारंभ एका विद्वान अध्यापकाच्या हातून झाला. परंतु या व्यवसायाचे रीतसर शिक्षण महाविद्यालयात येण्यास त्यानंतर एकशे वीस वर्षे जावी लागली. आज राज्यातील बहुतेक विद्यापीठांत वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन या विषयाचे अभ्यासक्रम चालतात. त्यांचे मूल्यमापन सामान्यतः 'किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली' या एकाच निकषावर केले जाते. प्रस्तुत निबंधात त्याआधीचा प्रश्न विचारात घेतला आहे. माध्यमव्यवसायाचे दार पूर्वी कोणासाठी उघडे होते आणि पदवीमुळे ते कोणासाठी उघडले, याचा येथे ऐतिहासिक क्रमाने आढावा घेण्यात आला आहे.

१. अध्यापक-संपादकांची परंपरा

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी अध्यापन केले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या बाबतीतही शाळा आणि वृत्तपत्र ही एकाच कार्याची दोन अंगे होती. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला. विद्वत्ता व लेखनसामर्थ्य हीच संपादकाची पात्रता मानली गेल्यामुळे वेगळ्या प्रशिक्षणाची गरज त्या काळी जाणवली नाही.

या परंपरेला एक मर्यादाही होती. इंग्रजी शिक्षण ज्या समाजगटांपर्यंत पोहोचले होते, त्यांच्याकडेच वृत्तपत्रीय लेखणी राहिली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये 'दीनबंधू' आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले, त्यामागे हीच वस्तुस्थिती होती. प्रस्थापित पत्रांत ज्यांच्या प्रश्नांना जागा नव्हती, त्यांना स्वतःचे पत्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

विसाव्या शतकात दैनिके स्थिरावली. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेऊन परतल्यावर १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला आणि मतापेक्षा बातमीला प्राधान्य दिले. बातमीदारी हे स्वतंत्र कौशल्य आहे, ही जाणीव त्यातून दृढ झाली. तरीही शिक्षणाचे ठिकाण वृत्तपत्राची कचेरी हेच राहिले. मुद्रितशोधन, तारेने आलेल्या इंग्रजी मजकुराचे भाषांतर आणि वार्तांकन या पायऱ्या उमेदवार ज्येष्ठांच्या हाताखाली चढत असे. ही पद्धत कौशल्य देण्यात उणी नव्हती. मात्र कचेरीत पहिले पाऊल टाकण्यासाठी ओळख लागत असे.

२. नागपूर ते पुणे : विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ

भारतात वृत्तपत्रविद्येचा विद्यापीठीय विभाग १९४१ मध्ये लाहोर येथे पंजाब विद्यापीठात सुरू झाला. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर ही सुरुवात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये झाली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती आणि तेथे मराठी, हिंदी व इंग्रजी अशी तिन्ही भाषांतील वृत्तपत्रसृष्टी नांदत होती. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली यांचे या विभागाच्या उभारणीत साहाय्य झाले. त्यांनी संपादित केलेला भारतीय पत्रकारितेवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रकाशित झाला.

याच सुमारास न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल सादर केला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांविषयीचा कायदा झाला. त्यामुळे पत्रकारितेला सेवाशर्ती असलेल्या व्यवसायाचे स्वरूप आले. परंतु वकिली वा वैद्यक व्यवसायाप्रमाणे पत्रकारितेसाठी पदवी अनिवार्य ठरली नाही आणि आजही ती तशी नाही. या शिक्षणाचा पुढील सर्व इतिहास या एका गोष्टीने घडविला आहे.

पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये वृत्तपत्रविद्या विभाग सुरू केला. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट या नावानेच तो ओळखला जाऊ लागला. घरात वृत्तपत्राची परंपरा नसलेल्या आणि ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना संपादकांशी परिचय होण्याचे एक सार्वजनिक ठिकाण अशा विभागांमुळे मिळाले. पूर्वी ओळखीने जे साधत असे, ते प्रवेश-अर्जाने साधण्याची शक्यता निर्माण झाली. पदवीचे सर्वांत मोठे ऐतिहासिक योगदान हेच मानावे लागेल.

३. माध्यमांचा विस्तार आणि मागून आलेला अभ्यासक्रम

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे उपग्रह वाहिन्यांच्या काळात 'अल्फा मराठी' (१९९९) व 'ई टीव्ही मराठी' (२०००) या वाहिन्या आल्या. २००७ मध्ये 'झी २४ तास' व 'स्टार माझा', तर २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' या वृत्तवाहिन्यांनी निवेदक, वार्ताहर, संकलक व छायाचित्रक यांची एकदम मोठी मागणी निर्माण केली.

मुंबई विद्यापीठाने २०००-०१ मध्ये तीन वर्षांचा 'बॅचलर ऑफ मास मीडिया' हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. अखेरच्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा निवडण्याची त्यात सोय होती. हा अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर वाढला. परिणामी शुल्क अधिक राहिले आणि अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर पडला. माध्यम बदलल्यानंतर अभ्यासक्रम बदलतो, हा अनुभव वृत्तपत्रापासून समाजमाध्यमांपर्यंत वारंवार आला आहे.

४. भाषा आणि जिल्हा

राज्यातील माध्यम-संधींचे दोन नकाशे दिसतात. पहिला मुंबई-पुण्याचा, म्हणजे जाहिरात, जनसंपर्क, चित्रपट व दूरचित्रवाणी यांचा असून त्यात इंग्रजीला मोठे मोल आहे. दुसरा जिल्हा वृत्तपत्रांचा व मराठीचा आहे. कोल्हापूरचा 'पुढारी' १९३९ पासून दैनिक स्वरूपात निघू लागला. 'लोकमत' दैनिकाने नागपूर (१९७१), जळगाव (१९७७) व तत्कालीन औरंगाबाद (१९८२) असा विस्तार केला. या विस्ताराने मराठी पत्रकारितेचा कणा जिल्ह्यांत उभा राहिला. परंतु तेथील वार्ताहर पुष्कळदा अल्प मानधनावर काम करतो आणि जाहिरात मिळवण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

१९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी सांभाळून मराठीतून वृत्तपत्रविद्या शिकण्याची सोय केली. अमरावती येथे २०११ मध्ये भारतीय जनसंचार संस्थेचे विभागीय केंद्र सुरू झाले आणि पुढे तेथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही आला. हे दोन्ही प्रयत्न दुसऱ्या नकाशाकडे लक्ष देणारे असल्याने महत्त्वाचे ठरतात.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. शासनाच्या माहिती व जनसंपर्क विभागातील पदे आणि महाविद्यालयीन अध्यापन या क्षेत्रांत या विषयाच्या पदवी-पदविकेला औपचारिक मूल्य मिळाले. ज्या वृत्तकक्षासाठी हे शिक्षण निर्माण झाले, तेथे मात्र ते ऐच्छिकच राहिले.

समारोप

वरील आढाव्यावरून असे दिसते की, पदवीने नोकरीची हमी कधीच दिली नव्हती. तिने प्रवेशाची संधी दिली. ओळख व परंपरा यांच्या बळावर चालणाऱ्या व्यवसायात तिने नव्या समाजगटांना उभे राहण्यास जागा दिली. भरमसाट शुल्क, मराठी पाठ्यसाहित्याची उणीव आणि विनावेतन उमेदवारी यांमुळे ही जागा पुन्हा आकसण्याचा धोका आहे. विनावेतन उमेदवारी त्यालाच परवडते, ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे. म्हणून पूर्णवेळ अध्यापकांची नियुक्ती, दर्जेदार मराठी क्रमिक पुस्तके आणि जिल्हा वृत्तपत्रांशी जोडलेली मानधनयुक्त कार्यानुभव योजना या तीन गोष्टींना महाविद्यालयांनी अग्रक्रम देणे आवश्यक आहे. अन्यथा ज्या बंद दाराला पर्याय म्हणून हे शिक्षण उभे राहिले, तेच दार शिक्षणाच्या नावाने पुन्हा बंद होईल.