गेंडा आणि गोबरगॅस

आमच्या आजीच्या गोठ्यामागं गोबरगॅसची लोखंडी टाकी होती. माझ्या आठवणीत ती कायम बंदच. गंजून भोक पडलं, गॅस गळायला लागला आणि आजी परत चुलीवर. त्यामुळं गोबरगॅस म्हणजे फसलेली योजना, हेच डोक्यात बसलेलं. मग नेपाळमधल्या चितवनचा इतिहास वाचला.

1950 च्या दशकात तिथं डीडीटी फवारून मलेरिया हटवला. डोंगरातून माणसं खाली उतरली, जंगल तोडून शेती सुरू झाली. 1960 च्या दशकाअखेर तिथं जेमतेम शंभरेक गेंडे उरले. 1973 ला राष्ट्रीय उद्यान झालं, सैन्याचा पहारा बसला. पण पहारा बसला म्हणून कुणाची चूल थांबते का? बाया चोरून सरपणाला जायच्या. पुढं गेंडा, मागं शिपाई.

1992 ला नेपाळमध्ये डच मदतीनं बायोगॅसचा कार्यक्रम सुरू झाला. 1996 मध्ये चितवनभोवती बफर झोन जाहीर झाला आणि उद्यानाच्या उत्पन्नातला 30 ते 50 टक्के वाटा गावांच्या विकासासाठी ठरला. गावोगाव गोबरगॅस आला. त्याच्या मॉडेलचं नाव 'जीजीसी 2047'. मला वाटलं, भविष्यातलं व्हर्जन! तर ते विक्रम संवत 2047, म्हणजे आपलं 1990.

खरी गंमत डिझाइनमध्ये आहे. आपल्याकडची जुनी टाकी लोखंडी, गॅसबरोबर वरखाली होणारी. नेपाळचा घुमट जमिनीखाली, काँक्रीटचा, जागचा न हलणारा. गंजायला टाकीच नाही! शिवाय शेण गोळा करायचं तर गुरं दावणीलाच बांधावी लागतात. म्हणजे सरपण वाचलं आणि जंगलातली चराईही कमी झाली.

आता नुसत्या गॅसनं गेंडा वाचला असं मी म्हणणार नाही. माओवादी संघर्षात सैन्याच्या चौक्या कमी झाल्या, शिकार वाढली. चितवनमध्ये 2000 साली 544 गेंडे होते, 2005 ला 372 राहिले. 2021 च्या गणनेत मात्र 694 भरले. गावं जंगलाच्या बाजूनं नसती, तर एवढं सावरणं अवघड होतं, असं माझं मत.

आजीला हे सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "दुरुस्तीला कोण येतं तिथं?"

म्हटलं, बांधणाऱ्या कंपनीवरच काही वर्षांची हमी असायची. काम खराब निघालं तर दंड.

"आमच्याकडं आले होते की साहेब," आजी म्हणाली. "उद्घाटनाला."