देवळालीचा ताप

इंग्लंडात कुणी सहज बोलता बोलता 'तो जरा डूलॅली झालाय' असं म्हटलं, तर समजायचं की त्या माणसाचं डोकं फिरलंय. बहुतेक वेळा हे थट्टेनंच म्हणतात. हा शब्द ग्रीक नाही, लॅटिन नाही. मुंबईहून रेल्वेनं जाताना नाशिकरोडच्या आधी एक स्टेशन लागतं, देवळाली. ते गोऱ्या सैनिकांच्या तोंडी गेलं आणि त्याचं झालं डूलॅली.

आता गाव वेडाशी कसं जोडलं गेलं, ते बघू या. १८६१च्या सुमारास इंग्रजांनी देवळालीत लष्करी तळ वसवला. बोटीतून मुंबईत उतरलेल्या पलटणी घाट चढून तिथे यायच्या आणि पुढे हिंदुस्थानभर जायच्या. परतीची वाटही हीच. ज्याची नोकरीची मुदत संपली, त्याला त्याची पलटण देवळालीला धाडायची. मग बोट मिळाली की मायदेशी. खरी मेख इथे होती. सैनिकांच्या बोटी वर्षभर चालत नसत, साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच चालत. मोसमातली शेवटची बोट चुकली, की पुढचा मोसम येईपर्यंत देवळालीत बसून राहायचं.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. १९३६ साली त्यानं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात या तळाचं वर्णन आहे. मुदत संपलेल्यांकडे हत्यार नाही, फारसं काम नाही, वेळ जाता जात नाही. वर्षानुवर्षं चोख नोकरी केलेली माणसंसुद्धा तिथे काहीतरी भानगड करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. कुणी गुप्तरोग घेऊन बसे. या कंटाळ्यातून माणसं विचित्र वागायला लागली आणि त्यावरून हा शब्दप्रयोग निघाला असावा, असं रिचर्ड्सचं मत. आम्हाला ते पटतं.

देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही पुष्कळ ठिकाणी सांगतात. ऐकायला सोपं वाटतं. पण मनोरुग्ण सैनिकांना अखेर इंग्लंडातल्या नेटलीच्या लष्करी रुग्णालयात न्यायचे. तिथे १८७० साली त्यांच्यासाठी वेगळा विभागच उघडला होता. म्हणजे आजारी शिपाईसुद्धा देवळालीत बोटीचीच वाट बघत असणार. कुठूनही गेलं तरी आपण त्या वाट बघण्यापाशीच येतो.

मूळ प्रयोग नुसता 'डूलॅली' नव्हता, 'डूलॅली टॅप' होता. फ्रेझर आणि गिबन्स यांनी १९२५ साली सैनिकी शब्दांचा कोश काढला, त्यात तो नोंदलेला आहे. इंग्रज वाचक या 'टॅप'पाशी अडखळतो, त्याला नळ आठवतो नाहीतर टपली. आपल्याला कोश उघडायची गरजच नाही. टॅप म्हणजे ताप! अंगातला ताप आणि 'डोक्याला ताप' म्हणतो तोही. 'विलायती'चं ब्लायटी करणाऱ्या आणि 'देखो'चं डेको करणाऱ्या गोऱ्या शिपायांनीच हा तापही उचलला.

आणि एक गंमत बघा. देवळालीची हवा चांगली. मुंबईची माणसं आजारातून उठल्यावर हवापालटाला तिथे जात आली आहेत. तळासाठी ती जागा सोयीची ठरली त्यात या हवेचाही वाटा होता. मग ताप हवेचा कसला? तो होता बोटींच्या वेळापत्रकाचा, काम न देता माणसांना डांबून ठेवणाऱ्या कारभाराचा. पण शब्दात लंडनचं युद्धखातं आलं नाही, गाव आलं. शिपायाला गाव दिसत होतं, वेळापत्रक ठरवणारा साहेब दिसत नव्हता.

पुढे 'टॅप' गळून पडला, नुसतं 'डूलॅली' राहिलं. १९७४ साली बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका सुरू झाली, तिची गोष्टही सुरुवातीला याच देवळालीच्या तळावर घडते. तोवर शब्द घराघरांत रुळला होता, गाव मात्र बहुतेकांच्या ध्यानातून गेलं होतं. पुण्यात एका बिअर गाळणाऱ्यांनी आपल्या धंद्याला 'डूलॅली' हे नाव दिलं, तेव्हा तो शब्द इंग्रजी होऊन घाटावर परत आला. देवळालीत आज आपल्या लष्कराची तोफखान्याची शाळा आहे.