अपुऱ्या आकांक्षेचा हिशेब

कथा-कादंबरीकार होण्याची हौस बाळगलेल्या माणसाच्या हातून ती तडीस गेली नाही, म्हणजे आपण त्याची दोनच कारणे सांगतो : प्रतिभा उणी पडली, अथवा नशीब आडवे आले. परंतु आणखी एक कारण आहे, आणि ते निलंग्यासारख्या गावाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत असे. पुढे तो उस्मानाबादेस जोडला गेला, व १९८२ साली लातूर जिल्ह्यात आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तोवर येथे घरची भाषा मराठी आणि दरबारची उर्दू, अशी स्थिती होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दूच होते. मराठी छापखाने, प्रकाशक व मोठी मासिके बहुतेक पुण्या-मुंबईकडे. ज्या भाषेत कादंबरी लिहावयाची, त्या भाषेस जेथे कचेरीत स्थान नाही, तेथे कादंबरीकाराने उभे कोठे राहावे?

या प्रश्नास मराठवाड्याने दिलेले एक उत्तर म्हणजे बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १५ ऑगस्ट १९१३, परभणी जिल्ह्यातील सातोना येथे. हैदराबादेस शिकून मॅट्रिक झाल्यावर ते परभणीस सरकारी बांधकाम खात्यात कारकून झाले, व अखेरपर्यंत कारकूनच राहिले. त्याच काळात कोल्हापुरास राहून ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या कादंबऱ्या महाराष्ट्रभर वाचल्या जात होत्या. फडके-खांडेकरांची योग्यता कमी लेखण्याचे येथे कारण नाही. परंतु त्यांच्या पाठीशी मराठी शाळांतून तयार झालेला एक मोठा वाचकवर्ग उभा होता. परभणीच्या कारकुनास तो दुरूनच मिळवावयाचा होता.

त्यांनी तो मिळविण्याचा यत्न सोडला नाही. १९४० साली ‘साकी’ हा कथासंग्रह, १९४१ साली ‘आलाप आणि विलाप’ ही कविता, आणि एकूण सात कादंबऱ्या. १९४९ सालच्या कादंबरीचे नाव तर ‘जगाला कळले पाहिजे’ असे आहे. जगास ते कळले, पण उशिरा. चाळिशी ओलांडून महिनाही लोटला नव्हता, तोच ७ सप्टेंबर १९५३ रोजी बी. रघुनाथ निवर्तले. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह १९५५ साली, त्यांच्या पश्चात निघाला. आज त्यांच्या नावे पुरस्कार दिले जातात. ते पाहावयास ते राहिले नाहीत.

यावरून एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. लेखकाच्या ठायी दोन आकांक्षा एकत्र नांदत असतात : एक लिहिण्याची, दुसरी नावाजले जाण्याची. पहिली बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. दुसरी वाचक, प्रकाशक, राजवट व काळ यांच्या हाती. बी. रघुनाथांची दुसरी आकांक्षा अपुरी राहिली, म्हणून पहिली फुकट गेली असे कोण म्हणेल? अपुरेपणाशी समेट करणे याचा अर्थ लेखणी खाली ठेवणे नव्हे. या दोहोंचा हिशेब निरनिराळा मांडणे, हा होय.

मात्र या समाधानात एक फसगत आहे. हलाखीतच उत्तम साहित्य निपजते, अशी समजूत करून घेणे सोयीचे असते. बी. रघुनाथांची पुस्तके तरी निघाली. ज्यांना मातृभाषेत शाळाच लाभली नाही, ज्यांची बाडे पेटीतच राहिली, त्यांचे नाव कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडणार नाही. त्यांची उणीव त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

एप्रिल २०२२ मध्ये उदगिरास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि कथाकार भारत सासणे हे त्याचे अध्यक्ष होते. उदगीरही निलंग्याप्रमाणेच १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातला तालुका. ज्या मातीत मराठी लेखकास आपला वाचक दूर शोधावा लागे, तेथे वाचकांनी मांडव भरावा, हे लहानसहान स्थित्यंतर नव्हे. ते घडून येण्यास ज्यांच्या आकांक्षा अपुऱ्या राहिल्या, त्यांच्याही श्रमाचा वाटा आहे.