सामाईक फाइल व्यवस्था, संगणक जाळ्यावरील

एका संगणकाच्या तबकडीवर साठविलेल्या फाइली जाळ्याने जोडलेल्या अन्य संगणकांना, जणू त्या त्यांच्या स्वतःच्याच तबकडीवर आहेत अशा रीतीने, वापरू देणारी योजना. तबकडीवर माहिती कशी मांडावयाची, फाइलींची नावे व स्थाने कोठे नोंदवावयाची आणि मोकळी जागा कशी ओळखावयाची, यांविषयीच्या नियमांच्या संचास फाइल व्यवस्था म्हणतात. आरंभीच्या साध्या फाइल व्यवस्था एका तबकडीला एकच संगणक जोडलेला असेल असे गृहीत धरून आखलेल्या होत्या. त्या अनेकांना खुल्या करताना, तबकडीवरील नोंदी बदलण्याचा अखेरचा अधिकार कोणाकडे असावा, हा मुख्य प्रश्न उद्‍भवला. या योजनेचा इतिहास म्हणजे त्या प्रश्नाला वेळोवेळी दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

पार्श्वभूमी : संगणक दुर्मिळ होते तेव्हा माहिती संगणकाकडे नेली जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला. त्याचा उपयोग देशातील अन्य संस्थांतील संशोधकही करीत. छिद्रित पत्रांचे गठ्ठे तेथे आणून दिले जात व छापील उत्तरे परत नेली जात. यंत्र एकच असल्याने माहितीचा ताबाही एकाच ठिकाणी राही. १९७० नंतरच्या दशकात लहान संगणक आले आणि प्रत्येक मेजावर स्वतंत्र तबकडी आली. एकाच हिशेबाच्या अनेक प्रती निरनिराळ्या फ्लॉपींवर फिरू लागल्या आणि त्यांतील खरी प्रत कोणती, हे ठरविणे अवघड होऊ लागले. सामाईक साठ्याची गरज यातून निर्माण झाली.

साध्या व्यवस्थेची रचना : ‘फॅट’ (फाइल अ‍ॅलोकेशन टेबल) ही व्यवस्था याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा मूळ आराखडा मायक्रोसॉफ्ट कंपनीत मार्क मॅक्‌डोनल्ड यांनी १९७७ मध्ये केला. टिम पॅटर्सन यांनी १९८० मध्ये ८६-डॉस या प्रणालीत तिचे सुधारित रूप वापरले आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती सर्वत्र पोहोचली. या व्यवस्थेत तबकडीचे समान आकाराचे खंड पाडलेले असतात. सूचीमध्ये फाइलीचे नाव, आकारमान व पहिल्या खंडाचा क्रमांक असतो. पुढचा खंड कोणता, हे एका कोष्टकात पाहावयाचे असते. कोष्टकातील प्रत्येक घर पुढील घराचा क्रमांक सांगते व शेवटच्या घरात समाप्तीची खूण असते. रिकामे घर म्हणजे मोकळा खंड.

रचना सोपी असल्याने ती अल्प स्मृतीच्या यंत्रांवरही चाले. वेगासाठी संगणक कोष्टकाचा काही भाग आपल्या स्मृतीत उतरवून ठेवतो व बदल सवडीने तबकडीवर लिहितो. संगणक एकच असेतोवर यात फारसा धोका नसतो.

दुहेरी लेखनाचा धोका : सोलापूरच्या भवानी पेठेतील एखाद्या चादर-टॉवेलांच्या पेढीची कल्पना केल्यास अडचण स्पष्ट होते. कचेरीतील संगणकावर बिले होतात, गुदामातील संगणकावर मालाची नोंद होते आणि दोन्ही संगणक एकाच तबकडीशी थेट जोडलेले आहेत, असे समजू. दोघांच्या स्मृतीत कोष्टकाची सकाळची प्रत आहे. कचेरीला नव्या बिलासाठी एक खंड मोकळा दिसतो. गुदामालाही तोच खंड मोकळा दिसतो. दोघेही त्यावर लिहितात. ज्याचे लेखन नंतर होते त्याचा मजकूर टिकतो, पहिल्याचा नाहीसा होतो आणि दोन फाइलींच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. एकाच खतावणीच्या दोन नकला घेऊन दोन मुनीम बसले आणि दिवसअखेर दोघांनी आपापले पान मूळ वहीत डकविले, तर जो घोटाळा होईल तोच येथे होतो. यात यंत्राचा बिघाड नसतो. दोन्ही संगणक नियमाप्रमाणेच वागलेले असतात. तो नियमच एका लेखकासाठी असतो.

तबकडी वाटून देण्याचे प्रयोग : पहिले उत्तर तबकडीचे भाग पाडण्याचे होते. कॉर्व्हस सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८० च्या सुमारास अनेक लहान संगणकांना एकच मोठी तबकडी जोडण्याची साधने विक्रीस आणली. प्रत्येक वापरणाऱ्यास तबकडीचा स्वतंत्र विभाग मिळे. महागड्या तबकडीचा खर्च त्यामुळे विभागला गेला. मात्र एकाच विभागात अनेकांना लिहावयाचे असल्यास आज्ञावलीनेच संकेत पाळून आपली पाळी ठरवावी लागे.

याआधीच कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात या प्रश्नाचा तात्त्विक विचार झाला होता. तेथील डॅनियल स्वाइनहार्ट, जीन मॅक्‌डॅनियल व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७९ मध्ये डब्ल्यूएफएस या साध्या सामाईक फाइल व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. ही व्यवस्था दूरच्या तबकडीप्रमाणे वागे. ती मोजक्याच आज्ञा स्वीकारी व माहितीची देवघेव पानापानाने करी. प्रत्येक आज्ञा स्वयंपूर्ण असल्याने कोणाशी मागे काय व्यवहार झाला, याची तात्पुरती नोंद तिला जवळजवळ ठेवावीच लागत नसे. सूची वगैरे सोयी मागणी करणाऱ्या संगणकाने स्वतः कराव्यात, अशी अपेक्षा होती.

फाइल सर्व्हर : पुढचे पाऊल निर्णायक ठरले. जाळ्यावरून तबकडीचे खंड मागण्याऐवजी नावाने फाइल मागावयाची आणि कोष्टकाला हात लावण्याचा अधिकार एकाच संगणकाकडे ठेवावयाचा, अशी ही पद्धत होय. त्या संगणकास फाइल सर्व्हर म्हणतात. नॉव्हेल कंपनीने १९८३ मध्ये नेटवेअर ही प्रणाली याच तत्त्वावर आणली. तिच्यात वाटपाचे कोष्टक सर्व्हरच्या स्मृतीत राही. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी याच सुमारास सर्व्हर मेसेज ब्लॉक (एसएमबी) या संदेशपद्धतीचा पाया घातला. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये नेटवर्क फाइल सिस्टिम (एनएफएस) तयार केली. तिचा आराखडा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व्हरच्या तबकडीवर कोणती फाइल व्यवस्था आहे, हे मागणी करणाऱ्यास कळण्याची आवश्यकता तिच्यात उरली नाही. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर तीच मागणी परत पाठविणे पुरेसे होई.

तबकडी सुरक्षित झाली तरी मजकुराचा प्रश्न शिल्लक राहतो. गुदामात चादरींचे १०० गठ्ठे आहेत असे दोघांनी एकाच वेळी वाचले, एकाने ४० व दुसऱ्याने ३० वजा केले, तर वहीत ३० राहण्याऐवजी ६० किंवा ७० राहतात. यावर उपाय म्हणजे नोंद वाचण्यापूर्वी तिला कुलूप लावणे व बदल लिहून झाल्यावर ते काढणे. डॉस प्रणालीत १९८४-८५ मध्ये अशा कुलपांची व जाळ्याची सोय झाली. एनएफएसमध्ये हे काम प्रथम वेगळ्या सेवेकडे होते. चौथ्या आवृत्तीत (२०००) ते मूळ पद्धतीत सामावून घेण्यात आले.

भारतातील प्रसार : मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८५ मध्ये स्थापन झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या उभारणीत त्याचा सहभाग होता. सामान्य नागरिकाचा सामाईक फाइलींशी संबंध मुख्यतः बँकांमुळे आला. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांच्या १९८४ व १९८९ च्या अहवालांनी बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा ठरविली. १९९० नंतरच्या दशकात शाखांतील अनेक खिडक्या जाळ्याने एकाच खातेसंग्रहाशी जोडल्या गेल्या. एकाच खात्यातून दोन खिडक्यांवर एकाच क्षणी रक्कम काढली गेल्यास शिल्लक बरोबर राहावी, यासाठी नोंदीला कुलूप लावणे अपरिहार्य होते. पुढे मध्यवर्ती बँकप्रणाली आल्यावर शाखेतील संग्रह दूरच्या केंद्रात गेला.

उत्तरकालीन प्रगती व मर्यादा : एकच तबकडी अनेक संगणकांनी थेट वापरण्याचा मार्गही बंद झाला नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्सक्लस्टर (१९८३) व आयबीएमच्या जीपीएफएस (१९९८) या व्यवस्थांत सर्व संगणक कुलपांविषयी आपापसांत सतत संदेश पाठवून एकमत राखतात. ‘फॅट’मध्ये अशी सोय नाही. त्यामुळे जाळ्यावरून खंडरूपाने दिलेल्या तबकडीवर ती व्यवस्था दोन संगणकांनी एकाच वेळी लेखनासाठी उघडल्यास जुनाच अपघात आजही घडतो.

सर्व्हरमार्फत सामाईक केल्यावरही तिच्या मूळ उणिवा दिसतात. तिच्यात फाइलीच्या मालकाची नोंद नसते. कोणी वाचावे व कोणी लिहावे, हे सर्व्हरलाच ठरवावे लागते. बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते. फाइलीला कायमचा ओळखक्रमांक नसल्याने एनएफएसच्या ग्राहकाकडील जुनी खूण काही वेळा निरुपयोगी ठरते; लिनक्स प्रणालीत ही अडचण टाळण्याचा पर्याय केवळ वाचनापुरता आहे. सामाईकपणाबरोबर सुरक्षेचा प्रश्नही वाढतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा उपद्रवी प्रोग्रॅम एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषामुळेच अनेक देशांत पसरला.

घरातील राउटरला पेन ड्राइव्ह जोडून त्यातील फाइली सर्व खोल्यांत पाहता येतात, तेव्हा याच इतिहासाचा लाभ मिळत असतो. पेन ड्राइव्हवरील व्यवस्था बहुधा ‘फॅट’ कुलातीलच असते आणि तिला अनेक मालक अजूनही मानवत नाहीत. राउटर तिचा एकमेव लेखक राहतो व इतरांच्या मागण्या क्रमाने पुऱ्या करतो, म्हणूनच ती सामाईक होऊ शकते.