आखाड्याशेजारचं नाट्यगृह

आता कोल्हापूरकडे वळू. शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उघडलं. म्हणजे बघा, कुस्ती आणि संगीत नाटक, दोन्ही शौक एकाच आवाराला टेकलेले! राजाश्रय होता, पण जागा गावाच्या रोजच्या वाटेवरची होती. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

आज आपण तिला केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९० चा. १९०८ मध्ये त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी ते गेले. वय अवघं एकतीस.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेलं छप्पर पुन्हा घालता येतं हो. पण प्रयोग थांबले की नाटकाला जायची गावाची सवय मोडते. ती कुठल्याही ठेकेदाराला बांधून देता येत नाही. ती आपणच तिकीट काढून, खुर्चीत बसून राखायची असते.