दगडाचे गवती छप्पर

कचेरीस सुटी असली, की आम्ही चेन्नईकर पाहुण्यांना महाबलीपुरम् दाखवावयास नेतो. पाच रथांपैकी सर्वांत लहान जो द्रौपदी-रथ, त्यापुढे पाहुणा फारसा थांबत नाही. द्रौपदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आत दुर्गा उभी असून तिच्या पायाशी एक भक्त स्वतःचे शिर कापून वाहण्यास सिद्ध झाला आहे. सातव्या शतकात पल्लवांच्या कारागिरांनी हे देवालय अखंड खडकातून कोरले. पण शेजारच्या अर्जुन-रथासारखे मजले येथे नाहीत. वर आहे ते चारी बाजूंनी उतरणारे, किंचित फुगीर छप्पर. खेड्यातील शाकारलेल्या झोपडीचेच! तसली लाकडागवताची देवळे केव्हाच कुजून गेली. त्यांचे रूप कळते ते या दगडावरून.

गवताचे देऊळ टिकविण्याची दुसरी रीत जपानने योजिली. इसे येथील शिंतो मंदिर इ. स. ६९० पासून, मध्यंतरी शतकाहून अधिक खंड पडला तरी, दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडागवताने जसेच्या तसे उभारतात. अलीकडे ते २०१३ मध्ये उभारले. तेथे वास्तू जाते, पण सुताराची विद्या राहते.

आमच्या गावचे कौलारू देऊळ पाडून सिमेंटचे बांधले. वर्गणीची पावती मजजवळ आहे. जुन्या देवळाचे छायाचित्र मात्र कोणापाशीच निघाले नाही.