माझं ऑर्कुट आणि अर्धा संवाद

मागच्या आठवड्यात एक जुना पेन ड्राइव्ह सापडला आणि त्यात चक्क माझं ऑर्कुट निघालं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलंही नसेल, म्हणून आधी थोडा इतिहास.

जानेवारी २००४ मध्ये गूगलने ते सुरू केलं आणि बनवणाऱ्या इंजिनिअरचंच नाव त्याला दिलं. भारतात आणि ब्राझीलमध्ये लोकांना त्याचं वेडच लागलं. आम्ही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून एकमेकांना 'स्क्रॅप' टाकायचो. मग सगळे फेसबुकवर गेले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. आपला डेटा उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. मी घेतला, आणि विसरलो.

आता उघडला तर नुसता ढिगारा. म्हटलं, डेटाबेसमध्ये भरू.

ही कल्पना १९७० ची. त्या काळी माहिती काढायची तर ती आत कुठल्या वाटेने ठेवलीय हे प्रोग्रामरला ठाऊक असावं लागे. आयबीएममधल्या एडगर कॉडने मांडलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्त्यांचं नातं दोन्हीकडे असलेल्या एखाद्या नंबरावरून जुळवा. रिलेशनल डेटाबेस तो हाच. २००० साली रिचर्ड हिपने त्याचं एक आटोपशीर रूप लिहिलं, एसक्यूलाइट. सर्व्हर नको, अख्खा डेटाबेस एका फाईलमध्ये. तुमचे व्हॉट्सॲप मेसेज आत्ता फोनमध्ये त्यातच साठताहेत!

मी दोन तक्ते केले. एक माणसांचा, प्रत्येकाला नंबर. दुसरा स्क्रॅपचा: लिहिणाऱ्याचा नंबर, तारीख, मजकूर. तारखा एका साच्यात आणण्यातच अख्खी रात्र गेली.

मग एका मित्राचे सगळे स्क्रॅप क्रमाने मागवले. २१४ ओळी आल्या. तो २०१२ मध्ये अपघातात गेला.

वाचायला लागलो आणि अडलो. ऑर्कुटवर उत्तर द्यायचं ते समोरच्याच्या स्क्रॅपबुकात जाऊन. त्यामुळे माझ्या फाईलमध्ये फक्त तोच बोलतोय. "हो, पण आईला सांगू नकोस." कशाला हो? मी काय विचारलं होतं? माझी वाक्यं त्याच्या खात्यात होती आणि ते कुणीच उतरवून घेतलं नाही. बंद होण्याची घोषणा तीन महिने आधी झाली होती. तेव्हा त्याचं पान उघडून माझे स्क्रॅप कॉपी करता आले असते. सुचलंच नाही मला.

तक्त्यात 'माझं उत्तर' असा रकाना ठेवलाय. २१४ ओळींत तो रिकामा आहे. एक-दोन ठिकाणी आठवेल तसं भरावंसं वाटलं, पण मग त्याला बॅकअप कसं म्हणणार? तसाच ठेवला.

फाईलची एक कॉपी त्याच्या बहिणीला पाठवलीय. तिने अजून उघडलेली नाही.